परसातली केळ आणि थंडीचं पांघरूण

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडीची चाहूल लागली की वर्तमानपत्रांच्या बागकामाच्या पानांवर गुलाबाच्या छाटणीपासून कुंड्यांच्या जागांपर्यंत सगळं सविस्तर येतं. केळीच्या वाट्याला मात्र एकच ओळ: ‘केळीला थंडी मानवत नाही, झाकून ठेवावी.’ काय झाकायचं, कशानं झाकायचं आणि किती दिवस, याचा पत्ता नसतो. मग लोक अख्ख्या केळीला प्लास्टिक गुंडाळतात, वरून रोजच्यासारखं बादलीभर पाणी ओततात आणि दोन महिन्यांनी खोड मऊ पडून आडवं झालं की थंडीच्या नावानं बोटं मोडतात. परसातल्या ज्या केळी हिवाळ्यात जातात, त्यांतल्या बऱ्याच ओलीनं आणि चुकीच्या पांघरुणानं जातात, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून हे जरा लांबलेलं पत्र.

आधी केळीची ठेवण, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. आपण ज्याला खोड म्हणतो ते खोड नाहीच. पानांचे रुंद तळ एकमेकांवर घट्ट लपेटून ते नळकांडं झालेलं असतं. आडवं कापलं तर कांद्यासारखी वलयं दिसतात, प्रत्येक वलयात मधाच्या पोळ्यासारख्या बारीक पोकळ्या, आणि सुरी बाहेर काढेपर्यंत पाणी ठिबकायला लागतं. वजनाचा नव्वद टक्क्यांच्या आसपासचा भाग नुसतं पाणीच. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. वर दिसणारा पोंगा, म्हणजे न उलगडलेल्या कोवळ्या पानाची सुरळी, जिथे जन्मते तो वाढीचा कोंब या कंदाच्या माथ्यावर, साधारण जमिनीच्या पातळीला बसलेला असतो. केळ निसवायची, म्हणजे तिचं केळफूल बाहेर पडायची, वेळ आली की नवी पानं धरणं थांबतं आणि हाच कोंब केळफूल होऊन नळकांड्याच्या पोटातून वर चढतो.

याचा अर्थ सरळ आहे. न निसवलेल्या केळीची सगळी पानं करपली, खोडाचा वरचा निम्मा भाग गेला, तरी कंद आणि त्यावरचं हातभर खोड जिवंत असलं तर त्याच खोडाच्या मधून नवा पोंगा येतो. निसवलेल्या किंवा निसवायच्या बेतात असलेल्या केळीचं खोड वरून छाटलं तर त्यातला घडही गेला. ते खोड पुन्हा कधी फळणार नाही, पुढची आशा फक्त मुनव्यांवर, म्हणजे कंदातून बाजूला फुटणाऱ्या पिलांवर. केळ निसवायला आली हे ओळखायचं कसं? शेंड्याकडची पानं एकमेकांजवळ दाटतात, शेवटचं पान नेहमीपेक्षा बरंच लहान आणि आखूड येतं, मानेचा भाग फुगल्यासारखा दिसतो. पण कोंब त्याच्याही आधी काही आठवडे आतून वर निघालेला असतो. पूर्ण वाढलेल्या खोडाविषयी शंका असेल तर ते निसवलेलंच आहे असं धरा आणि छाटू नका.

आता पाऱ्याचा हिशेब. केळीला २६ ते ३० अंश सेल्सिअस सर्वांत मानवतं. त्या उबेत आठ-दहा दिवसांना एक पान सुटतं. १६ अंशांखाली नवं पान निघणं जवळजवळ थांबतं. १३ अंशांखाली फळाच्या सालीला इजा व्हायला लागते. शून्याला पानं करपतात, पाण्यात उकडल्यासारखी आधी काळपट आणि मग तपकिरी होऊन लोंबतात. शून्याखाली दोन-तीन अंश पारा काही तास टिकला की खोड वरून खाली मरत येतं. एक कडक रात्र केळ पुष्कळदा झेलते, पण आठ-दहा दिवसांची गार, ओली, ढगाळ हवा तिला आतून पोखरते. जातीजातींतही फरक आहेच. बसराई, ग्रँड नैन या कॅव्हेंडिश गटातल्या जाती नाजूक. ज्या जातींत बाल्बिसियाना या रानकेळीचा अंश जास्त, त्या काटक. बासजू नावाची शोभेची केळ तर गोठणाऱ्या हिवाळ्यातही, जाड आच्छादनाखाली, कंदावर तग धरते, पण तिची फळं खाण्याजोगी नसतात. कुणी ‘बर्फातही टिकणारी केळ’ म्हणून रोप देत असेल तर ती बहुधा हीच, एवढं लक्षात ठेवून घ्या.

थंडी बाधल्याची पहिली खूण पारा शून्याजवळ जाण्याच्या कितीतरी आधी दिसते. नवं पान फिकट, कुठे पांढुरके पट्टे घेऊन येतं, पूर्ण उलगडत नाही, दोन पानांमधलं अंतर कमी होऊन शेंड्याला पंख्यासारखी दाटी होते. शेतकरी याला चरका म्हणतात. हे पाहिलं की हात आपोआप खताच्या डब्याकडे जातो. तिथेच चूक होते. जमिनीत अन्न असतं, गारठलेली मुळं ते उचलू शकत नसतात. वरून युरिया घातला तर दोनच गोष्टी होऊ शकतात: तो पाण्याबरोबर वाहून जातो, किंवा मध्येच चार उबदार दिवस आले तर लुसलुशीत, पाणीदार पालवी फुटते आणि पुढच्या गारठ्यात सर्वांत आधी तीच जळते.

नत्राची शेवटची मात्रा म्हणूनच थंडी सुरू होण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी. त्यानंतर एकदा पालाश (पोटॅश) द्यावं, कारण केळीला नत्रापेक्षाही पालाश जास्त लागतं आणि पेशींतलं पाणी राखायला ते मदत करतं. मोठ्या केळीला सल्फेट ऑफ पोटॅश ७५ ते १०० ग्रॅम, खोडापासून हातभर लांब गोलाकार पसरून, मातीत हलकं मिसळून. मुळं अजून चालू असताना, म्हणजे रात्री उबदार असतानाच. लाकडाची राख चालते, पण दोन-तीन मुठींवर नको, आणि युरिया किंवा अमोनियाच्या खताबरोबर तर मुळीच नको. राखेच्या अल्कधर्मी गुणानं त्यातलं नत्र वायू होऊन उडून जातं. माती आधीच चुनखडीची असेल तर राख विसरा.

पाण्याबाबत सर्वांत जास्त चुका होतात. भर उन्हाळ्यात मोठी केळ दिवसाला १५-२० लिटर पाणी सहज पिऊन टाकते, म्हणून तिला पाण्याची हावरी समजतात. थंडीत तीच केळ पाणी पीत नाही. पानांतून वाफ कमी जाते, मुळं सुस्तावतात, आळ्यातलं पाणी तसंच राहतं, मातीतली हवा संपते आणि मुळं कुजायला लागतात. मुळं कुजली की पानं माना टाकतात, कडेनं पिवळी पडतात, अगदी तहानलेल्या केळीसारखी. मालक आणखी पाणी घालतो. पुढे काय होतं ते सांगायला नको.

पाणी द्यायचं की नाही हे वारावर ठरवू नका. खोडापासून हातभर अंतरावर दहा सेंटिमीटर खणा आणि तिथली मूठभर माती दाबून बघा. तळव्याला पाणी लागलं तर आठवडाभर विचारही नको. गोळा झाला पण टिचकीनं फुटला तर वाफसा आहे, थांबा. गोळाच होत नसेल तर पाणी द्या, तेही ऊन वर आल्यावर, आळ्याच्या कडेला, खोडाला न भिडवता. झारीनं किंवा नळीनं पोंग्यात पाणी सोडू नये. त्या सुरळीत साचलेलं पाणी रात्रभर गार राहतं आणि कोवळं पान आतल्या आत सडतं. वास येईपर्यंत ते कळतही नाही. आळं खोलगट असेल तर थंडीपुरतं त्याला उतार देऊन एका बाजूनं फोडून ठेवावं.

मुनव्यांचं थोडक्यात. थंडीच्या तोंडावर मुनवे काढून दुसरीकडे लावू नयेत. उघडी जखम आणि गार माती हा कुजण्याचा मुहूर्तच. तलवारीच्या पात्यासारखी अरुंद पानं आणि बुडाशी जाड असे एक-दोन मुनवे राखा. मोठं खोड गेलं तर पुढची केळ तेच. बारीक असतानाच रुंद पानं काढणारे मुनवे दिसायला तरतरीत, पण कंदाशी त्यांचा सांधा कच्चा असतो. ते जमिनीलगत कापून टाका.

आता पांघरूण. खाली अंथरायचं आच्छादन आणि वर गुंडाळायचं पांघरूण ही दोन वेगळी कामं आहेत. आच्छादनामुळे मातीतली ऊब मातीत राहते, म्हणून ते माती उबदार असतानाच अंथरायला हवं. जमीन गारठल्यावर घातलं तर गारठाच कोंडला जातो. वाळका पेंढा, कोरडा पालापाचोळा, लाकडाचा भुगा यांपैकी काहीही, १५ ते २० सेंटिमीटर जाड, खोडाभोवती मीटरभर. पारा शून्याच्या वरच राहत असेल तर खोडापासून चार बोटं जागा मोकळी सोडा, म्हणजे बुडाशी ओल धरणार नाही. जमीन गोठत असेल तर उलट खोडाला टेकवून गुडघाभर ढीग करा, पण तो कोरडाच राहील अशी सोय हवी. केळीचीच पानं वापरताना करप्याचे ठिपके असलेली बाजूला काढा. कापलेलं खोड तसंच ओलं टाकू नका, उभं चिरून उन्हात वाळवा. कंद पोखरणारा सोंडा अशाच ताज्या कापाकडे येऊन अंडी घालतो.

उघड्या अंगणात दव गोठण्याची भीती असेल आणि खोड वाचवायचं असेल तर पिंजरा करावा. खोडापासून साधारण ३० सेंटिमीटरवर चार काठ्या रोवा, त्यांना कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी गुंडाळा. उंची आपल्याला किती खोड राखायचं त्यावर. मीटर-दीड मीटर पुष्कळ. पानांचे देठ वीतभर ठेवून पानं कापा, पोंगा मात्र तसाच राहू द्या. मग जाळीत कोरडा पेंढा किंवा पाचोळा हलक्या हातानं भरत जा. ठासायचं नाही. ऊब राखते ती पेंढ्याच्या काड्यांमध्ये अडकलेली हवा, आणि ठासला की हवाच जाते. माथ्यावर उतरता पत्रा किंवा फळी, पाऊस आणि दव आत जाऊ नये म्हणून. बाजू उघड्याच राहू द्या. तीन-चार आठवड्यांत भरण बसतं आणि नेमका शेंडा उघडा पडतो, तेव्हा वरून पुन्हा भर घाला. काठी खुपसून अधूनमधून चाचपून बघा: काडी ओली लागली तर ते भरण काढून नवं घाला. उंदरांनाही ही जागा फार आवडते. बुडाशी कुरतडल्याच्या खुणा दिसल्या तर भरण जरा मागे ओढा.

एवढा खटाटोप नको असेल तर गोणपाटाचे दोन-तीन फेरे आणि सैल सुतळी. सौम्य थंडीला एवढं बस्स. भिजलेलं गोणपाट मात्र नसलेलं बरं, कारण त्यातलं पाणी उडताना खोडाचीच ऊब ओढून नेतं.

प्लास्टिकबद्दल एकदा नीट सांगायला हवं. पानाला चिकटलेलं प्लास्टिक पानाचं रक्षण करत नाही. जिथे चिकटतं नेमकं तिथेच पान जळतं. आत घाम धरतो, तो रात्री थेंबाथेंबानं पोंग्यात उतरतो. दिवसा ऊन पडलं की आतली हवा तापते आणि पान वाफेत शिजतं. वापरायचंच तर मांडवासारखं, चारही बाजूंनी हातभर लांब, आणि सकाळी ऊन आलं की उघडायचं. रोज उघडझाप जमणार नसेल तर प्लास्टिक न आणलेलं उत्तम.

धूर करण्याचा सल्लाही दरवर्षी फिरतो. धुरानं फारसं काही होत नाही, जी थोडी मदत होते ती आगीच्या उष्णतेची, आणि परसातल्या दोन केळींसाठी पेंढ्याच्या पिंजऱ्याशेजारी शेकोटी करणं हा शहाणपणा नव्हे. त्यापेक्षा जागेचा विचार करा. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीची ऊब थेट आकाशाकडे निघून जाते, म्हणून नुसतं वर काही असणं, मग ती घराची वळचण असो की मोठ्या झाडाची फांदी, केळीला पांघरुणासारखं उपयोगी पडतं. दुपारचं ऊन खाणारी विटांची भिंत रात्री ती ऊब परत देते. गार हवा पाण्यासारखी सखल भागात उतरून साचते. म्हणून अंगणाच्या खोलगट कोपऱ्यातली केळ आधी करपते, आणि चार पावलांवरची, जरा उंचावरची वाचते. पानं वाचवायची असतील आणि खाली आच्छादन नसेल, तर अशा रात्रीच्या आदल्या दिवशी सकाळी माती ओलसर करावी. ओली माती दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्री सोडते. आच्छादन असेल तर हा उपाय लागू नाही, ते ती ऊब वर येऊच देत नाही. कंद की पानं, काय वाचवायचं हे इथे ठरवावंच लागतं. माझं मत विचाराल तर न निसवलेल्या केळीत कंद, निसवलेल्या केळीत पानं. घड भरतो तो पानांच्या जिवावर, आणि निसवल्यानंतर नवं पान येत नाही.

घड लागलेली केळ थंडीत सापडली तर घाई न करता केळी बघा. उन्हाळ्यात निसवल्यापासून तीन-साडेतीन महिन्यांत तयार होणारा घड थंडीत पाच महिनेही घेतो. केळ्याच्या कडा अजून धारदार असतील तर ती भरलेली नाहीत. कडा बोथट होऊन केळं तीन चतुर्थांश गोल झालं असेल आणि कडक थंडी दारात असेल, तर घड उतरवा. हिरवी केळी घरात पिकतात, शून्याखाली गेलेली पिकत नाहीत. तोवर शेवटच्या फणीखाली वीतभर देठ ठेवून केळफूल कापा, देठावर वरच्या बाजूला बांधलेली पातळ, बारीक भोकं असलेली पिशवी चढवा आणि खालचं तोंड उघडं ठेवा. खालून बांधली की आत पाणी धरतं आणि फण्यांना बुरशी लागते. वरच्या फण्यांवर थेट ऊन येत असेल तर पिशवीच्या आत एक वाळकं पान ठेवा. घड जड असेल तर दोन बांबूंची कैची मानेखाली द्या.

घड उतरवल्यावर फ्रिजमध्ये ठेवणं म्हणजे थंडीपासून वाचवून थंडीत टाकणं. सालीतल्या चिकाच्या नळ्या गारठ्यानं तपकिरी पडतात, साल सोलताना आत रेघा दिसतात, केळं पिवळंधमक न होता राखाडी, मळकट राहतं. १८ ते २२ अंशांत, एखादं पिकलेलं सफरचंद शेजारी ठेवून, ती छान पिकतात.

थंडीत निसवणारा घड कधी मानेतच अडकतो. गारठ्यानं आतला दांडा लांबत नाही आणि पानांची दाटी वाट देत नाही. असा घड खोड फोडून आडवा निघतो. चीर देऊन ‘सोडवण्याचा’ मोह आवरा. जखमेतून कूज शिरते आणि उरलेल्या पानांची अन्नवाट तुटते. खोडाला बाहेरून आधार द्या आणि जे येईल ते घ्या.

कुंडीतली केळ रात्रीचा पारा १२ अंशांवर यायच्या आत घरात घ्या, भरपूर उजेडाच्या खिडकीशी. पाणी महिन्यातून दोन-तीनदा, वरची माती चार बोटं वाळल्यावर. कोरड्या, तापवलेल्या खोलीत पानांच्या मागे लाल कोळी हमखास येतो. आठवड्याला ओल्या फडक्यानं पानाची मागची बाजू पुसा. जिथे हिवाळाभर जमीन गोठलेलीच असते तिथे लहान केळ उपटूनही ठेवता येते: पोंगा राखून बाकी पानं कापायची, कंदाभोवती वीतभर मुळं ठेवून उचलायचं, माती झाडायची आणि दोन दिवस उलटं टांगून पाणी निथळू द्यायचं. मग ७ ते १२ अंशांच्या कोरड्या, अंधाऱ्या जागी. न निथळता ठेवलं तर महिन्याभरात बुडाशी आंबूस वास सुटतो.

करपलेली पानं लगेच कापू नका. लोंबणारी वाळकी पानं खोडाला झग्यासारखी झाकतात आणि पुढचा गारवा अडवतात. रोगट किंवा चिकट सडकी असतील तेवढीच काढा. पिंजरा आणि गोणपाट काढायची घाईही नको. रात्रीचा पारा सलग आठ-दहा दिवस १२ अंशांच्या वर राहिला की मगच, आणि एकदम नव्हे, दोन टप्प्यांत. मग न निसवलेलं खोड वरून तपासा. स्वच्छ धारदार सुरीनं पाच-पाच सेंटिमीटरच्या चकत्या उतरवत खाली या. चकतीचा मध्य तपकिरी, बुळबुळीत असेल तर आणखी खाली. मध्य पांढरा, घट्ट, करकरीत लागला की थांबा. दोन खोडं तपासायची तर मध्ये सुरी स्पिरिटनं पुसा. ऊब असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या पांढऱ्या मध्यातून हिरवी सुरळी बोटभर वर आलेली दिसते. जमिनीपर्यंत तपकिरीच लागलं, तरी कंद उकरून फेकू नका. माती उबदार झाल्यावर सहा-आठ आठवडे मुनव्यांची वाट बघा.

संपादक महोदय, एक विनंती. आपल्या हवामानाच्या चौकटीत येणारं किमान तापमान जमिनीपासून माणसाच्या छातीच्या उंचीवर, सावलीतल्या पेटीत मोजलेलं असतं. निरभ्र, निवांत रात्री जमिनीलगतचा पारा त्याहून तीन-चार अंशांनीही खाली जाऊ शकतो. चौकटीत ३ अंश वाचून निर्धास्त झोपलेल्याची केळ सकाळी करपलेली दिसते ती यामुळे. थंडीच्या दिवसांत त्या आकड्याशेजारी रात्री आकाश निरभ्र राहणार की ढगाळ, आणि वारा असणार की पडणार, एवढे चार शब्द छापले तर पांघरूण कोणत्या रात्री घालायचं ते ज्याचं त्याला ठरवता येईल.

आपला नम्र,
एक वाचक